पटावरचा शिपाई

सकाळी साडेसात वाजता मी नोकरीवर रुजू झाले. वय वर्षं नऊ. ठिकाण, उंबरकोंडच्या भैरीच्या देवळात भरणारी शाळा. अंगात भावाची बंडी, डोक्यावर भावाची टोपी. हुद्दा काही नव्हता. काम एकच. मास्तरांनी "धोंडू लक्षुमण" असं पुकारलं की "हजर" म्हणायचं.

पेन्शनर मंडळींचा निरोप आला, की हवालदारांच्या नोकरीच्या आठवणी त्यांच्या बायकोने लिहून द्याव्यात. हवालदार म्हणजे आमचे मालक. त्यांचं नाव मी जन्मभर घेतलं नाही, आता म्हातारपणी कशाला घेऊ? ते असते तर त्यांनी हे काम अर्ध्या पानात उरकलं असतं. अमक्या वाजता निघालो, तमक्या वाजता पोचलो, इतके गेले, इतके आले, सलाम. मी बोलकी. माझं तसं होणार नाही. पण त्यांच्याजवळ राहून एक शिस्त मलाही लागली. वेळ सांगायची, घडलं तेवढंच सांगायचं, आणि डोळ्याला पदर लावायचा तो रिपोर्ट पुरा झाल्यावर.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी गावाबाहेर कुणालाच सांगितली नाही. आता सांगायला हरकत नाही. पेन्शन बंद झाली, माणूसही गेला. शिक्षा द्यायची म्हटली तरी कुणाला द्याल? पण ती गोष्ट कळायला आधी माझी नोकरी सांगायला हवी.

उंबरकोंड पोलादपुराच्या वर, सावित्रीच्या खोऱ्यात. तीस घरं. डोंगराला नाचणी, वरी, खालच्या पट्टीत भात. घरटी एक माणूस मुंबईला. शाळा भैरीच्या देवळाच्या मंडपात भरायची. मास्तर महाडचे, एकटे, दम्याचे. देवळामागच्या खोपीत हाताने शिजवून खायचे.

मोठ्या लढाईचं दुसरं की तिसरं वर्ष. महाडला भरतीचा साहेब टेबल टाकून बसला होता. माझा भाऊ धोंडू सोळा वर्षांचा, चौथीत होता. सोळाव्या वर्षी चौथी म्हणजे आता हसाल. पण दहाव्या वर्षापर्यंत तो गुरांमागे होता, शाळेत उशिरा गेला. तो आणि वर्गातले आणखी चौघे मोठे पोरगे महाडला गेले. छाती मोजली, दात बघितले, वय विचारलं. धोंडू म्हणाला अठरा. साहेबाने लिहून घेतलं. पाचही जण पास.

दासगावच्या बंदरातून त्यांना बोटीने मुंबईला न्यायचं होतं. सोमवारी पहाटे पाच वाजता ते उंबरकोंडातून निघाले. धोंडूने डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली.

"येशे, टोपी सांभाळ गो. आल्यावर घेईन."

"आणि नाय सांभाळली तर?"

"तर तुझ्या नवऱ्याकडनं नवी घेईन."

एवढंच आमचं बोलणं.

आठवड्याने मास्तर घरी आले. बाहेर अंगणातच उभे राहिले. बाबांना म्हणाले, "लक्ष्मण, पाच मुलं एकदम गेली. पटावर पंचवीस नावं नसली तर लोकल बोर्ड शाळा मोडतं. मी पाचांची नावं काढलेली नाहीत, पुढेही काढणार नाही. पण नाव आहे आणि जागा रिकामी आहे, असं दिसता कामा नये. बाकीच्या चौघांच्या घरी धाकटे भाऊ आहेत, ते बसतील. तुमच्याकडे ही एक मुलगी आहे."

बाबा म्हणाले, "पोरीचं नाव सरकारी कागदावर? उद्या तिचं लगीन कोण करील?"

"नाव धोंडूचंच राहील."

बाबांनी पानाची पिंक टाकली आणि थोडा विचार केला. "मंग बसू दे. नाव आपल्याच पोराचं हाय."

अशी माझी नेमणूक झाली. तिसरी रांग, खांबाजवळ. हे मी थट्टेने लिहीत नाही. पुढे हवालदार मला म्हणायचे, "तुझी पोस्ट आणि माझी पोस्ट सारखीच. सोडायची नाय."

पहिले काही दिवस मी नुसती 'हजर' म्हणून बसायचे. मग कंटाळा आला म्हणून ऐकायला लागले. ऐकता ऐकता गिरवायला लागले. मला कुणी शिकवलं नाही, बरं का. मास्तर धोंडूला शिकवत होते, आणि धोंडूच्या जागी मी होते.

एक अडचण होती. धोंडूला पास केला तर तो चौथीतून बाहेर पडणार, पुढच्या शिक्षणाला महाडला जाणार, म्हणजे पटावरून नाव जाणार. म्हणून मास्तर त्याला दर साली नापास करायचे. बाकीच्या चौघांनाही करायचे. पण त्यांचे धाकटे भाऊ हळूहळू स्वतःच्या नावाने पटावर चढले, आणि मोठ्यांची नावं उतरली. धोंडूच्या मागे फक्त मी. त्यामुळे धोंडू आपला चौथीतच.

एकदा डिपुटी साहेब तपासणीला आले. घोड्यावरून आले, सकाळी दहा वाजता. मी टोपी कानापर्यंत ओढून बसले. साहेबांनी पट उघडला.

"धोंडू लक्षुमण."

"हजर."

"वय सतरा?" साहेब माझ्याकडे वाकून बघायला लागले. "हा सतरा वर्षांचा?"

मास्तर म्हणाले, "अंगाने बारीक आहे, साहेब. इथल्या नाचणीवर एवढाच वाढतो."

साहेबांनी मला त्रैराशिक घातलं. मी सोडवलं. नकाशात नर्मदा विचारली. दाखवली. कविता विचारली. म्हटली.

"मास्तर, एवढा हुशार मुलगा नापास कसा होतो?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला हटकून ताप भरतो, साहेब."

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "धोंडू, येत्या परीक्षेला कोयनेलची गोळी खाऊन ये."

पोरांनी ओठ दाबून धरले होते. साहेबांचा घोडा ओढ्यापलीकडे गेला, तसा मंडप नुसता फुटला. मास्तरही हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

पुढच्या सालची गोष्ट. भात कापून खळ्यावर आलं होतं. दुपारी चारचा सुमार. आय माप घालत होती. आमच्याकडे खळ्यावर माप मोजताना म्हाताऱ्या सुपाच्या पाठीवर चुन्याची रेघ ओढतात. एक माप, एक रेघ. आयला आकडे येत नव्हते, पण तिची रेघ कधी चुकली नाही. कमरेला चंची, चंचीत चुन्याची डबी, आणि बोट कायम पांढरं.

खालच्या वाटेने खाकी कपड्यातला एक माणूस लंगडत वर आला. डावा गुडघा वळत नव्हता. पलीकडच्या वाडीतला तो. नाईक होऊन गोळी खाऊन परत आला होता. हवालदारीचा बिल्ला मागाहून मिळाला. आयच्या समोर येऊन तो ताठ उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"धोंडूची आय तुम्ही?"

आयचं माप हातातच राहिलं. "व्हय."

त्याने रिपोर्ट दिला. मी सुपाजवळ होते. शब्द न शब्द आठवतो.

"बसऱ्याच्या वर, नदीकाठचा खंदक. आदल्या रोजी पाणी संपलं. सुभेदाराने विचारलं, कोण जाईल? धोंडू म्हणाला, मी. पहाटे सव्वापाचला पखाल घेऊन गेला. येताना गोळी लागली, इथं." त्याने गळ्याखाली बोट ठेवलं. "खंदकात उतरला तो पखाल धरूनच. पाणी सांडलं नाय. पावणेसहाला गेला. जाळायला लाकूड नव्हतं. मी मातीत ठेवला. तोंड उगवतीला केलं, आपल्या मुलखाकडं."

आयने विचारलं, "पाणी कोण प्यायलं?"

"सगळी सेक्शन. मी पण."

"मंग झालं," आय म्हणाली, आणि हातातलं माप राशीत रिकामं केलं. रेघ ओढायची मात्र राहिली. त्या साली आमचं भात एका मापाने कमी भरलं.

हवालदार निघायला वळले आणि माझ्याकडे बघून थांबले.

"तू येसू ना? धोंडू सांगायचा, मास्तरांचं पत्र आलंय, बहीण शाळंत माझ्या जागी बसते. लय हसायचा."

"व्हय."

"मला लिवता येत नव्हतं. धोंडूने शिकवलं. काडतुसाच्या पेटीचं झाकण पाटी, कोळसा पेन्सल. रोज एक अक्षर. आमची शाळा संध्याकाळी साडेपाचला भरायची. खंदकात आम्ही तिघं इद्यार्थी. त्यातला मी एक उरलो." मग म्हणाले, "ळ पातुर झालं होतं. क्ष आणि ज्ञ राहिले. दावशील?"

मी काडीने खळ्याच्या सारवणावर दोन्ही अक्षरं काढली. एवढा मोठा बाप्या माणूस, दुखरा गुडघा पुढे टाकून खाली बसला आणि बोटाने दोन-दोनदा गिरवून उठला. टाच टाचेला लावली आणि त्या अक्षरांना सलाम केला. मग गेला. आय राशीकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयने मला उठवलं. डोळे सुजले होते, आवाज तसाच.

"उठ गो. साडेसात व्हायला आलं."

"आय, आज?"

"आजच. आज तू नाय गेलीस तर धोंडू गेला असं होईल. जा."

तिने स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. शाळेत सगळ्यांना कळलं होतं. पोरं वळून बघत होती. मास्तर नावं पुकारत आले. माझ्या रांगेपाशी थांबले. चष्मा काढून उपरण्याने पुसला, परत घातला.

"धोंडू लक्षुमण."

"हजर."

त्यांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

सरकारी कागद मागाहून पाटलाकडे आला. आयने तो देव्हाऱ्यात ठेवला. लढाई संपली त्या साली तापाची साथ आली आणि बाबा तीन दिवसांत गेले. मला बारावं वर्ष लागल्यावर मी शाळेत बसायची बंद झाले, पण धोंडूचं नाव बसतच राहिलं. मास्तरांचा दमा वाढला होता म्हणून मी सकाळी बारीक पोरांकडून मंडपाच्या पायरीवर उजळणी करून घ्यायचे. हवालदार दर सोमवारी येऊन पोरांची कवायत घ्यायचे. मोडका गुडघा, पण आवाज असा, की ओढ्यापलीकडची गुरं उभी राहायची.

आता त्या दिवसाकडे येते.

लढाई संपून तीन वर्षं झाली होती. धोंडू चौथीत पाच वर्षांचा झाला होता. पट बरोबर पंचवीस, धोंडू धरून. डिपुटींनी लेखी कळवलं होतं, की एक जरी कमी झाला तर चालू महिन्यानंतर शाळा बंद. सगळी पोरं गुरांमागे जातील, हे गावाला दिसत होतं. महाडची शाळा म्हणजे चालत एक दिवस. तिथे कोण पोर धाडणार?

सकाळी अकरा वाजता महाडच्या कचेरीतला एक कारकून आला. ज्या गावांतून लढाईला माणसं गेली, तिथे सरकार संगमरवरी दगड बसवणार होतं. किती गेले, किती मेले, एवढं दगडावर यायचं होतं. कारकुनाकडे पलटणीतून आलेली यादी होती. गावकऱ्यांसमोर ती वाचून पडताळायची होती. तिथे बसायला जागा एकच, भैरीचा मंडप. म्हणून शाळेतच सगळे जमले. पोरं रांगेत, मोठी माणसं भिंतीला टेकून, बायका पायरीवर. आय पायरीवर. हवालदार युनिफॉर्म घालून मूर्तीजवळ उभे.

कारकून वाचत गेला. एकूण बावीस. परत आले त्यांनी हात वर केले. मग मयत.

"सखाराम बाबाजी."

"मयत," पाटील म्हणाले.

"तुकाराम राघू. बाळू विठू." दोन्हींना गाव 'मयत' म्हणालं.

"धोंडू लक्षुमण."

कुणीच बोललं नाही. कारकुनाने मान वर केली. त्याच्या समोरच्या चौरंगावर हजेरीपट उघडा होता. मास्तरांनी सकाळी हजेरी घेतली होती, पट मिटायचा राहिला होता. कारकुनाची नजर त्यावर गेली. त्याने बोट ठेवलं.

"मास्तर, हे काय? धोंडू लक्षुमण, चौथी. आज हजर?"

मास्तर उठले. तोंड उघडलं आणि खोकल्याने त्यांना वाकवलं.

कारकून वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहिते. त्याने मंडपातल्या पोरांकडे बघितलं, पट मोजला, आणि त्याला सगळं कळलं. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, माझ्याजवळ दोन सरकारी कागद आहेत. दोन्ही खरे असू शकत नाहीत. मी त्याला मयत लिहिलं, तर हा पट मला वर दाखवावा लागेल. मग मास्तर जातील, शाळा जाईल. मी त्याला हजर लिहिलं, तर मयतांतून त्याचं नाव उडवावं लागेल. दगडाचा आकडा मला उद्या महाडला द्यायचा आहे. एकदा कोरला की बदलत नाही. याची आई कोण?"

आय उठली.

"बाई, समजलं ना मी काय म्हणालो?"

"समाजलं."

तिने पोरांच्या रांगा बघितल्या. तिसऱ्या रांगेत खांबाजवळची जागा रिकामी होती. मग देवळाच्या दर्शनी भिंतीकडे बघितलं. दगड तिथे बसायचा होता.

"दगडावर नाव येतं का हो?"

"नावं नाही येत. नुसता आकडा."

"आणि शाळा गेली तर परत येते का?"

"नाही येत, बाई."

आय म्हणाली, "मंग ल्हिवा. माझा धोंडू शाळंत हाय. चौथीत."

मागून राघूआजोबा पुटपुटले, "पाच वरसं चौथीत! गावात एवढा शिकलेला कोण नाय." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. राघूआजोबांचा तुकाराम नुकताच मयतांत गेला होता. त्यांना हसायचा हक्क होता.

कारकुनाने लेखणी दौतीत बुडवली, पण खाली टेकवली नाही. त्याला एक साक्ष हवी होती. त्याने हवालदारांकडे बघितलं.

"हवालदार, तुम्ही त्याच पलटणीत होता. ही आई आहे, ती काहीही म्हणेल. तुम्ही सांगा. हा माणूस मेला की नाही?"

हवालदार सावधान उभे होते. ज्या हातांनी धोंडूला मातीत ठेवलं ते दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटलेले. आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की हा माणूस खोटं बोलत नाही. जत्रेत बैलाची खोड लपवत नाही, म्हणून त्याचा बैल कधी विकला जात नव्हता. मी पायरीवरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आय सांगते तसंच हाय, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे धोंडू लक्षुमण हजर, सर."

कारकुनाने यादीतल्या नावापुढचा शेरा खोडला. कागदावर लेखणीचा आवाज झाला तेवढाच. त्याने आकडा लिहिला. गेले बावीस, मयत तीन. त्या शेऱ्यासोबत आयला सरकारातून जे काही यायचं ते गेलं. तिने त्याची आठवण कधी काढली नाही.

पाऊण वाजता माणसं पांगली. हवालदार देवळामागच्या फणसाखाली बसले होते. मी तांब्या घेऊन गेले. त्यांनी पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. तांब्याकडे बघत म्हणाले, "येसू, त्याने आणलेलं पाणी मी प्यायलो. आणि आज मीच त्याला यादीतून काढला."

उभ्या नोकरीत त्यांनी दिलेला खोटा रिपोर्ट तो एवढा एकच.

चार महिन्यांनी दगड आला. पोलादपुरापर्यंत बैलगाडीने, तिथून वर बांबूला बांधून चौघांच्या खांद्यावर. गवंड्याने दर्शनी भिंतीत बसवला. अक्षरं इंग्रजी. मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला, की या गावातून बावीस माणसं मोठ्या लढाईवर गेली, त्यांपैकी तिघांनी प्राण दिले.

सगळे गेल्यावर आय मला म्हणाली, "त्यो तीनचा आकडा कुठला? दाव."

मी बोट ठेवलं. तिने कमरेची चंची सोडली, चुन्याची डबी उघडली आणि आकड्याच्या बरोबर खाली बोटाने एक रेघ ओढली. खळ्यावर ओढायची तशी, सरळ, वितीएवढी. मग हात पदराला पुसला.

"एक माप राहिलं होतं," म्हणाली.

हवालदारांनी त्यानंतर काय केलं तेही सांगते. त्यांनी शाळेसाठी भरती काढली. भरतीच्या साहेबासारखं पाटलाच्या ओटीवर घोंगडं टाकून बसले. वाड्यावाड्यांवरून पोरं बोलावली, छाती मोजायची, दात बघायचे, "पास!" म्हणून ओरडायचे. पोरांना मजा वाटायची. आयाबाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हवालदार आयांना म्हणायचे, "आता पोरीला पण उभी करा." कुणी म्हणे, "हवालदारा, पोरीची छाती मोजतोस का रे?" ते म्हणायचे, "पोरीचं डोकं मोजायचं असतं, मावशे. दोरी आणलीय." आणि खरोखर दोरीने डोकं मोजायचे. पहिल्या साली चार पोरी पटावर चढल्या, स्वतःच्या नावाने. पाटलाची नातही चढली, मग कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या साली पट तिसाच्या वर गेला.

तेव्हा आय एक दिवस शाळेत आली. सकाळी साडेसात, हजेरीच्या वेळेला. मास्तर लगबगीने उभे राहिले.

"मास्तर, आता माझ्या धोंडूवाचून शाळा चालंल?"

मास्तरांनी पट उघडून नावं मोजली. मग म्हणाले, "चालेल."

"मंग काढा त्याचं नाव."

मास्तरांनी मोठं रजिस्टर काढलं. त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहायचं एक सदर असतं. मुंबईस गेला, गाव सोडला, वारला, असं काही लिहायचं. मास्तरांनी लेखणी बुडवली आणि विचारलं, "कारण काय लिहू? वारला असं लिहू? आता कुणी विचारणार नाही."

आय म्हणाली, "नको. ल्हिवा, पास झाला."

मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं. चौथी पास. आयने मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिने दोनदा वाचून घेतलं.

त्याच साली माझं लगीन झालं, हवालदारांशी. आयने मुंडावळ्या बांधायच्या आधी धोंडूची टोपी आणून त्यांच्या हातात दिली. धोंडूने माझ्या नवऱ्याकडून नवी मागितली होती, आणि इथे नवऱ्यालाच जुनी मिळाली. त्यांनी ती कधी घातली नाही. पेटीत खाकीवर ठेवली होती.

पुढे मास्तर थकून महाडला गेले, दुसरे आले. बारीक पोरांचा वर्ग माझ्याकडेच राहिला, बिनपगारी. माझ्याजवळ दाखला नव्हता. असता तरी तो धोंडूच्या नावाचा असता. आय दर साली भात खळ्यावर आलं की देवळापाशी यायची आणि दगडाखाली रेघ ओढायची. पाऊस ती धुऊन न्यायचा. शेवटची दोन वर्षं तिला दिसत नव्हतं, तेव्हा मी तिचं बोट धरून आकड्याखाली न्यायचे.

ती गेली त्याच्या पुढच्या साली नवे डिपुटी साहेब आले. तरुण होते, सायकलवरून आले आणि सायकल खांद्यावर घेऊन चढण चढले. शाळा बघून झाल्यावर दगडापाशी थांबले.

"बाई, सरकारी दगडावर ही रेघ कुणी ओढली?"

मी बोलायच्या आधी पोरं म्हणाली, "म्हातारीने."

"कुठे आहे ती?"

"मेली."

"मग ही रेघ ओली कशी?"

पहिलीतल्या चार-पाच पोरींनी आपापले हात पाठीमागे नेले. साहेबांना हसू आलं. त्यांनी दगडावर बोट ठेवून विचारलं, "बरं, या गावातले किती जण लढाईत मेले? आकडा वाचता येतो ना?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "चार."

"नीट बघा. इथे तीन लिहिलंय."

पाटलाची पणती पहिल्या रांगेत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "दगडाला एक मोजता आला नाय, साहेब."

हवालदार तेव्हा मंडपाच्या दाराशी काठी टेकून उभे होते. त्यांनी टाच टाचेला लावली, तो आवाज मला ऐकू आला.

आता तेही नाहीत. त्यांच्या नोकरीचा रिपोर्ट इथे पुरा झाला. दगड अजून भिंतीत आहे. कधी उंबरकोंडाला आलात तर भाताच्या खळ्याच्या दिवसांत या, तेव्हा रेघ ताजी असते. दगडावर नावं नाहीत, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

सखाराम बाबाजी. तुकाराम राघू. बाळू विठू.

आणि धोंडू लक्षुमण, चौथी पास.